सात मिनिटं आणि पंचवीस पौंड

वाचकाचं पत्र

ताई, आम्ही इंग्लंडच्या दक्षिणेकडच्या एका गावात राहतो. सासूबाई नाशिकहून तीन महिन्यांसाठी आल्या आहेत. परवाच्या शनिवारी त्यांना बाजार दाखवायला नेलं. गाडी कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, कार पार्कमध्ये लावली, मशीनमधून पावती घेतली आणि डॅशबोर्डवर दिसेल अशी ठेवली. पावती ३ वाजून १२ मिनिटांपर्यंतची होती. सासूबाईंचे गुडघे दुखतात, येताना त्यांना दोनदा बाकावर बसवावं लागलं. गाडीपाशी पोचलो तेव्हा ३ वाजून २१ मिनिटं झाली होती आणि काचेवर ते पिवळं पाकीट चिकटवलेलं होतं. नोटिशीवर वेळ ३.१९, कोड ८२, दंड ५० पौंड, १४ दिवसांत भरला तर २५. मी त्याच रात्री कौन्सिलला दोन पानी पत्र लिहिलं, माफी मागून, गुडघ्यांचं सगळं सांगून. अजून पाठवलेलं नाही. मिस्टर म्हणतात, परक्या देशात उगाच सरकारदरबारी नाव कशाला, पुढच्या वर्षी आयएलआरचा, म्हणजे इथे कायम राहण्याच्या परवानगीचा, अर्ज करायचाय, पंचवीस पौंड भर आणि विषय संपव. गाडी त्यांच्याच नावावर आहे. पुढच्या महिन्यात आम्ही घरही बदलतोय. सासूबाई रोज म्हणतात, माझ्यामुळे दंड बसला. काय करू?

उत्तर

तुमचं पत्र आलं त्याच संध्याकाळी मी तुम्हाला दोन ओळी कळवल्या होत्या: पैसे भरू नका आणि ते माफीचं पत्र पाठवू नका. आता कारणासकट सगळं सांगते, कारण हा प्रश्न तुमच्या एकटीचा नाही. दर महिन्याला माझ्याकडे अशी पत्रं येतात आणि त्यातली निम्मी पैसे भरून झाल्यावर येतात. तेव्हा माझ्या हातात फारसं काही उरलेलं नसतं.

तुमचा दंड चुकीचा आहे. तो कमी करून मागण्याचा किंवा कौन्सिलने मोठ्या मनाने माफ करण्याचा इथे प्रश्नच नाही. इंग्लंडमध्ये एप्रिल २०१५ पासून कायद्याने दहा मिनिटांची सवलत आहे. कौन्सिलच्या कार पार्कमध्ये किंवा रस्त्यावरच्या पार्किंगच्या जागेत तुम्ही गाडी रीतसर लावली असेल, तर भरलेली वेळ संपल्यावर दहा मिनिटांपर्यंत दंड लागू होत नाही. २०२२ साली नियमावली नव्याने आली, तिच्यातही हे कलम कायम आहे. तुमची वेळ ३.१२ ला संपली, नोटीस ३.१९ ला लागली. सात मिनिटं. कोड ८२ चा अर्थच मुळी ‘भरलेली वेळ संपल्यावर गाडी उभी’ असा आहे, म्हणजे कौन्सिलच्या कर्मचाऱ्याने स्वतःच लिहून दिलंय की तुमच्याकडे पावती होती आणि तिची वेळ नुकतीच संपली होती. याहून स्वच्छ प्रकरण माझ्याकडे क्वचितच येतं.

इतर वाचकांसाठी एक सांगून ठेवते. ही दहा मिनिटं वेळ संपल्यानंतरची आहेत. पावतीच न घेता ‘दहा मिनिटं तर चालतात’ म्हणून गाडी सोडून जाणाऱ्याला त्यांचा उपयोग नाही. पिवळ्या रेघेवर लावलेल्या गाडीलाही नाही.

आता तुमच्या त्या दोन पानी पत्राबद्दल. मी ते वाचलं. फार मनापासून लिहिलंय तुम्ही, पण त्यात पहिल्याच परिच्छेदात तुम्ही लिहिता, ‘आमची चूक झाली, आम्हाला उशीर झाला.’ मग दीड पान गुडघे, नाशिकच्या डॉक्टरांनी काय सांगितलं, बाकं किती लांब होती. पावतीची वेळ शेवटून तिसऱ्या ओळीत आणि दहा मिनिटांच्या नियमाचा उल्लेख कुठेच नाही. आपण वाढलो तिथे कचेरीत जायचं तर आधी दोन्ही हात जोडायचे, साहेबांच्या मनात दया आली तर काम व्हायचं. ती सवय हाडात भिनलेली असते. माझ्यातही होती. इथे मात्र समोर बसलेला माणूस दिवसभरात ढीगभर आक्षेप वाचतो आणि त्याला एकच गोष्ट शोधायची असते: हा दंड नियमात बसतो का? तुमचं उत्तर पहिल्या तीन ओळींत दिसलं पाहिजे.

म्हणून असं लिहा. मी मराठीत देते, तुम्ही साध्या इंग्रजीत उतरवा, भारी शब्द शोधू नका.

‘नोटीस क्रमांक अमुक, गाडी क्रमांक तमुक, तारीख अमुक. या नोटिशीला माझा आक्षेप आहे. मी पार्किंगचे पैसे भरले होते आणि पावती दुपारी ३.१२ पर्यंत वैध होती. नोटीस ३.१९ ला, म्हणजे सात मिनिटांनी लावली गेली. वेळ संपल्यानंतर दहा मिनिटांपर्यंत दंड लागू होत नाही अशी कायद्यात तरतूद आहे. त्यामुळे ही नोटीस रद्द करावी. पावतीचा आणि नोटिशीचा फोटो सोबत जोडला आहे.’

एवढंच. याच्याखाली, वेगळ्या परिच्छेदात, सासूबाईंबद्दल दोन वाक्यं लिहा: सोबत गुडघ्याचा त्रास असलेली ज्येष्ठ व्यक्ती होती, त्यांना वाटेत थांबावं लागलं. दंड नियमात बसत असला तरी माणुसकीच्या कारणावरून तो सोडून देण्याचा अधिकार कौन्सिलला असतो, आणि तो वापरण्यासारखी परिस्थिती आहे का हे त्यांनी पाहायचं असतं. पण हा मुद्दा दुसरा. आधी हक्क, मग विनंती. क्रम उलटला की हक्काचीही विनंती होऊन बसते.

पत्र पाठवण्याआधी आज रात्रीच एक काम करा. पावतीचा स्वच्छ उजेडात फोटो काढा, पुढून आणि मागून. त्या मशीनच्या पावत्या ज्या कागदावर छापतात त्यावरची अक्षरं उन्हाने आणि उष्णतेने उडतात. डॅशबोर्डवर महिनाभर राहिलेली पावती कोरी झालेली मी पाहिली आहे. मूळ पावती पाकिटात घालून कपाटात ठेवा, कौन्सिलला फक्त फोटो द्या. कार्डाने पैसे भरले असतील तर बँकेच्या खात्यावरची ती नोंदही जपून ठेवा. मग कौन्सिलच्या संकेतस्थळावर नोटीस क्रमांक आणि गाडीचा क्रमांक घाला. बहुतेक कौन्सिलं कर्मचाऱ्याने काढलेले फोटो तिथे दाखवतात. तुमच्या डॅशबोर्डवरची पावती त्यांच्याच फोटोत वाचता येत असेल तर सोन्याहून पिवळं. त्या सगळ्या फोटोंचे स्क्रीनशॉट वेळेसकट घेऊन ठेवा.

आणि त्या कर्मचाऱ्याबद्दल पत्रात वाईटसाईट लिहू नका. तुमच्या मसुद्यात ‘यांना टार्गेट असतं’ असं वाक्य आहे, ते काढा. दंडांची संख्या किंवा त्यातून मिळणारा पैसा यांचं लक्ष्य ठरवू नये, असं सरकारच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे. एखाद्या ठिकाणी ते पाळलं जात नसेलही, पण ते सिद्ध करणं तुमच्या अंगावर घेऊ नका. पावसात उभं राहून दिवसभर शिव्या खाणारी माणसं आहेत ती. घड्याळ चुकलं असेल, नजर चुकली असेल, आपल्याला फक्त ती चूक दाखवायची आहे.

मुदत नीट मोजा. नोटीस लागली तो शनिवार हाच पहिला दिवस धरतात. म्हणजे चौदावा दिवस हा त्यानंतरचा दुसरा शुक्रवार येतो, शनिवार नव्हे. त्या आत आक्षेप गेला आणि कौन्सिलने तो फेटाळला, तरी बहुतेक कौन्सिलं अर्ध्या दंडाची सवलत पुन्हा १४ दिवसांसाठी देतात. ऑनलाइन पाठवला तर पोच येते, ती जपा.

आता तुमच्या मिस्टरांशी बोलते. हा सगळा मजकूर त्यांनाही वाचायला द्या, कारण पुढचं थेट त्यांच्याशी निगडित आहे.

दादा, तुमची भीती मला कळते. व्हिसाच्या कागदांवर संसार उभा असतो तेव्हा माणूस सावलीलाही दचकतो. पण कौन्सिलचा पीसीएन, म्हणजे ही दंडाची नोटीस, हा गुन्हा नाही. १९९१ च्या रोड ट्रॅफिक कायद्यापासून पार्किंगचे बहुतेक प्रकार फौजदारी कक्षेतून काढून कौन्सिलांकडे द्यायला सुरुवात झाली आणि २००४ च्या ट्रॅफिक मॅनेजमेंट कायद्याने ती चौकट पक्की केली. लायसन्सवर पॉइंट नाही, पोलिसांत नोंद नाही. आक्षेप नोंदवणं हा याच कायद्याने दिलेला टप्पा आहे, नोटिशीच्या मागच्या बाजूला तो छापलेला असतो. जे दिलेलं आहे ते वापरल्याने कुणाची नजर तुमच्यावर जात नाही. अडचण होते ती नोटिशीकडे दुर्लक्ष करणाऱ्यांची. पत्रं न उघडता ड्रॉवरमध्ये टाकणाऱ्यांची.

आणि भरून टाकण्याबद्दल. पैसे भरले की प्रकरण बंद होतं. नंतर तुम्हाला हा दहा मिनिटांचा नियम कळला तरी ते पुन्हा उघडणं जवळजवळ अशक्य. मी हे अनुभवाने सांगते. मी या देशात आले त्याच्या दुसऱ्याच वर्षी आमच्या शेजारच्या रस्त्यावर गाडी लावली होती. परमिटची पाटी एका झाडाच्या फांद्यांनी पूर्ण झाकलेली होती, मला ती दिसलीच नाही. नोटीस मिळाली, मी घाबरले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पैसे भरून मोकळी झाले. महिन्याभराने त्याच रस्त्यावरच्या एका बाईंनी त्याच झाकलेल्या पाटीचा फोटो पाठवून स्वतःची नोटीस रद्द करून घेतली. पैसे गेल्याचं मला फारसं वाटलं नाही. पण मी न केलेली चूक कबूल केली आणि ती फांदी तशीच राहिली, याचं आजही वाईट वाटतं. त्या महिन्याभरात आणखी किती जणांना नोटिसा लागल्या असतील.

तुमच्या घरात पंचवीस पौंड म्हणजे आठवड्याची भाजी असेल किंवा सासूबाईंच्या एका सहलीचे पैसे असतील. हरण्याची जोखीम किती तेही मोजून ठेवा: शेवटपर्यंत गेलात आणि हरलात तर २५ ऐवजी ५० भरावे लागतील. ठरलेल्या वेळेत भरले तर त्याहून एक पेनीही जास्त नाही.

कौन्सिलने पहिला आक्षेप फेटाळला तर काय, हे थोडक्यात सांगते. पहिल्या नकाराचं पत्र बरेचदा साच्यातलं असतं: ‘आपली भरलेली वेळ संपली होती, म्हणून नोटीस योग्य आहे.’ हे वाचून खचू नका. वेळ संपली होती हे आपण नाकारतच नाही, त्यानंतरच्या दहा मिनिटांत दंड लागत नाही एवढंच म्हणतोय, आणि त्या पत्रात याला उत्तर नसेल. दुसरं कारण ते घड्याळाचं देतील, की आमच्या यंत्राची वेळ अचूक आहे. असू दे. पावतीवरची वेळही त्यांच्याच मशीनची आहे. दोन घड्याळांत तीन मिनिटांहून जास्त फरक होता असं त्यांचं म्हणणं असेल तर ते त्यांनी दाखवावं.

नकारानंतर पैसे न भरता थांबलात की गाडीच्या नोंदणीकृत मालकाला ‘नोटीस टू ओनर’ नावाचं पत्र येतं. इथून पुढे लिहायचं ते दादांनी, किंवा त्यांनी तुम्हाला तसा लेखी अधिकार द्यायचा. ते पत्र मिळाल्यापासून २८ दिवसांत औपचारिक आक्षेप नोंदवायचा. त्यात कारणांचे चौकोन असतात. एकापेक्षा जास्त चौकोनांवर खूण करता येते, आणि दंडाची रक्कम लागू होणाऱ्या रकमेहून जास्त आहे या अर्थाचा जो चौकोन असतो त्यावर तर कराच, कारण तुमच्या बाबतीत लागू होणारी रक्कम शून्य आहे. खाली तेच पहिलं पत्र पुन्हा जोडा. कौन्सिलने ५६ दिवसांत उत्तर दिलं नाही तर आक्षेप मान्य झाला असं कायदा धरतो आणि नोटीस रद्द होते. त्यांनी नकार दिला, तर पुढच्या २८ दिवसांत ट्रॅफिक पेनल्टी ट्रायब्युनलकडे दाद मागता येते. लंडनमधल्या वाचकांसाठी ते काम लंडन ट्रायब्युनल्स करतं.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये हे मलाही माझ्या आजोबांनी शिकवलं होतं. पण ट्रायब्युनलला ती पायरी नाही. फी नाही, वकील लागत नाही, कागद ऑनलाइन चढवायचे, हवं तर फोनवर सुनावणी. निवाडा देणारा अधिकारी कौन्सिलचा नोकर नसतो आणि त्याचा निर्णय कौन्सिलला बांधून ठेवतो. हरलात तरी समोरच्याचा खर्च तुमच्यावर पडतो तो फक्त कुणी निव्वळ छळायला किंवा अगदीच अवाजवी वागून प्रकरण लढवलं तर, आणि तसं फार क्वचित होतं. तुमच्यासारखं प्रकरण तिथवर जाईल असं मला वाटत नाही. पहिल्या पत्रातच संपावं. पण वाट ठाऊक असली की पहिलं पत्र लिहितानाही हात थरथरत नाही.

या सगळ्यापेक्षा मला काळजी वाटते ती तुमच्या पत्रातल्या एका साध्या वाक्याची: ‘पुढच्या महिन्यात आम्ही घर बदलतोय.’

‘नोटीस टू ओनर’ जातं ते गाडीच्या लॉगबुकवर (नोंदणीच्या कागदावर), म्हणजे गाड्यांची आणि लायसन्सची नोंद ठेवणाऱ्या डीव्हीएलए या सरकारी संस्थेकडे जो पत्ता असेल त्यावर. तुम्ही आक्षेपात नवा पत्ता लिहिला तरी ते पत्र जुन्या घरी जाऊ शकतं. नवे भाडेकरू ते बाजूला ठेवतात. २८ दिवस जातात. मग दंड निम्म्याने वाढतो, ५० चे ७५ होतात, आणि तेही पत्र जुन्याच घरी. त्यानंतर नॉर्थॅम्प्टनच्या ट्रॅफिक एन्फोर्समेंट सेंटरमध्ये वसुलीची नोंद आणि शेवटी बेलिफ, म्हणजे वसुलीसाठी दारात येणारा माणूस. तोवर तुम्हाला वाटत असतं, कौन्सिल गप्प बसलंय म्हणजे मिटलं असेल. आपल्या लोकांचं हे फार होतं, कारण आपण नोकरी बदलली की शहर बदलतो, दोन-दोन वर्षांनी भाड्याचं घर बदलतो, बँकेला आणि डॉक्टरांना पत्ता कळवतो आणि लॉगबुक विसरतो. मागच्या वर्षी एका वाचकाच्या दारात बेलिफ आला तेव्हा त्याला मूळ नोटीस आठवतही नव्हती. अशा वेळी टी-ई-नाइन नावाच्या फॉर्मवर ‘मला नोटीस टू ओनर मिळालंच नाही’ असं सत्य निवेदन देऊन प्रकरण मागे नेता येतं, पण त्यालाही मुदत असते आणि तोवर झोप उडालेली असते ती उडालेलीच.

तर किल्ली हातात आली की त्याच दिवशी लॉगबुकवरचा पत्ता बदला. ऑनलाइन होतं, फुकट होतं. लायसन्सवरचा पत्ता वेगळा बदलावा लागतो, एक केलं म्हणजे दुसरं झालं असं नाही. पत्ता न कळवल्याबद्दल १,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि तो मात्र खरोखर तुमच्या चुकीचा असेल. जुन्या घराची टपाल नव्या पत्त्यावर वळवण्याची सोय रॉयल मेलकडून पैसे भरून घ्या. कौन्सिलकडे ऑनलाइन केलेल्या आक्षेपाची स्थिती दर पंधरवड्याला स्वतः उघडून पाहा, पत्राची वाट बघत बसू नका.

शेवटचं एक तपासा. तुमच्या पाकिटातल्या कागदावर ‘पेनल्टी चार्ज नोटीस’ आणि कौन्सिलचं नाव आहे ना? खासगी कंपन्यांच्या कार पार्कची नोटीस ‘पार्किंग चार्ज नोटीस’ असते. आद्याक्षरं तीच, पीसीएन, पण ती वाट पूर्ण वेगळी आहे. तिला वर सांगितलेले टप्पे आणि मुदती लागू नाहीत. तुम्ही पाठवलेल्या फोटोत मला कौन्सिलचं नाव दिसलं, तरी मूळ कागद हातात घेऊन एकदा वाचा.

आणि सासूबाईंना ही पावती दाखवा, नोटीसही दाखवा. दोन्ही वेळा त्यांना स्वतः वाचू द्या. ३.१२ ला वेळ संपली, त्या दुखऱ्या गुडघ्यांनी ३.२१ ला गाडीपाशी आल्या. नऊ मिनिटं. दहा मिनिटांच्या आत. त्या वेळेत पोचल्या होत्या.